पोकळ खांब आणि झिजलेला उंबरठा

बाळांनो, हे पत्र लांबलचक आहे. एका बैठकीत वाचून झालं नाही तर दोन बैठकींत वाचा, पण मधलं गाळू नका.

आताच लिहायला बसण्याचं कारण असं. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या आईने मला धाकट्याची निबंधाची वही दाखवली. विषय होता ‘माझी आजी’. पहिलंच वाक्य होतं: ‘माझी आजी अमेरिकेत भुताच्या बंगल्यात चपला सांभाळते.’ बाईंनी त्याला दहापैकी आठ गुण दिले आहेत आणि शेजारी ‘छान कल्पना’ असा शेरा मारला आहे. अक्षर सुधारलं आहे, त्याचं कौतुक. पण ती कल्पना नाही. बंगला खरा आहे, भुतं नाहीत आणि चपलांचं बरंचसं खरं आहे. ही माहिती कोणी पुरवली तेही मला ठाऊक आहे. मी आंघोळीला गेले की आजोबा तुम्हाला फोन लावतात. त्यांची आवृत्ती पक्की व्हायच्या आत माझी लिहून काढते.

तुमचा मामा मॉरिसव्हिलला राहतो आणि आम्ही दोघं त्याच्याकडे. इथल्या घरांच्या रांगेत उन्हाळ्यात ओट्याओट्यावर कढीपत्त्याच्या कुंड्या दिसतात, आणि संध्याकाळी फिरायला निघालं की पुणे, नागपूर, हैदराबाद असं सगळं भेटतं. तिथून गाडीने अर्ध्या तासावर एक जुनं घर आहे. इथले लोक त्याला प्लँटेशन हाउस म्हणतात. प्लँटेशन म्हणजे मळा. पूर्वी इथे तंबाखू आणि कापूस व्हायचा, आणि मळेवाल्याचं कुटुंब या घरात राहायचं. मळ्यात राबायला माणसं होती, पण ती नोकरीला नव्हती. ती विकत घेतलेली होती. त्यांची मुलंही जन्मतःच मालकाची. हे तुम्हाला शाळेत शिकवतील, पण मी आधीच सांगून ठेवते, कारण ते कळल्याशिवाय या घरातली एक वीटही नीट कळत नाही.

मामीने आम्हाला पहिल्यांदा तिथे नेलं ते पाहुणे म्हणून. दाराशी माहितीपत्रकांचा एक स्टँड होता. त्यात उन्हाळ्याची पत्रकं हिवाळ्याच्या खणात होती आणि दोन पत्रकं उलटी. कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला असं पाहून पुढे जाता येत नाही. बाकीचे घर बघून आले तेव्हा मी शेवटच्या खणावर होते. तिथल्या व्यवस्थापक बाई माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “शनिवारी मोकळ्या असता का?” अशी मी स्वयंसेवक झाले. पगार नाही. गळ्यात अडकवायला ओळखपत्र मिळतं.

तेव्हापासून दर शनिवारी मी साडी नेसून निघाले की आजोबा पेपरातून मान वर न करता विचारतात, “निघालीस सासरी?”

आता घराबद्दल. आजोबांना त्यातलं काही सांगता यायचं नाही, कारण ते पार्किंगच्या पुढे आलेलेच नाहीत.

घर दुमजली, पांढरं, आणि पुढे चार मोठाले खांब. लांबून पाहिलं तर एखाद्या कोर्टाची इमारत वाटावी. जवळ जाऊन खांबावर बोटांनी टकटक केलं की रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो. खांब पोकळ आहेत. पिंपाला असतात तशा लाकडी पट्ट्या गोल जोडून वर रंग दिलेला. घर बांधलं तेव्हा ते नव्हतेच. पुढे कापसाला भाव आला आणि शेजारच्या मळेवाल्याने खांब लावले, म्हणून यांनीही लावले. छपराचा भार भिंतींवर आहे. खांब आपले उभे आहेत, लग्नात मुलाकडचे काका उभे असतात तसे.

आत गेल्यावरही तेच. मधोमध एक रुंद मार्गिका, दोन्ही बाजूंना दोन दोन खोल्या, दोन्ही टोकांना विटांच्या चिमण्या. उन्हाळ्यात पुढचं-मागचं दार उघडलं की वारा आरपार जातो, ही युक्ती मात्र उत्तम. पण दिवाणखान्यातल्या शेकोटीची संगमरवरी चौकट संगमरवराची नाही. ती पाइनची आहे आणि तिच्यावर पक्ष्याच्या पिसाने रेघा ओढून संगमरवर रंगवला आहे. दारं महोगनीची दिसतात, तीही पाइनची. ओल्या रंगावरून कंगवा फिरवून लाकडाच्या रेषा काढल्या आहेत. सगळं घर पाइनचं आणि सगळ्या पाइनला दुसरं कोणीतरी व्हायचं होतं.

जिने दोन. पुढचा जिना रुंद, हळूहळू चढणारा. मागचा भिंतीत लपवलेला, शिडीसारखा उभा. पाणी, लाकडं, मुलं आणि घाण त्या जिन्याने वर-खाली व्हायची. मी तो एकदा चढून पाहिला आणि उतरताना मला दोघांनी धरलं.

स्वयंपाकघर घरात नाही. ते मागच्या अंगाला स्वतंत्र आहे, विटांचं. आग लागली तर मुख्य घर वाचावं आणि उन्हाळ्यात चुलीची धग बैठकीत येऊ नये म्हणून. मधे एक छप्पर घातलेली वाट. माझी एकवीस पावलं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, “मग जेवण टेबलावर गरम पोचत असे का?”

स्वयंपाकघराच्या दारात एक उंच बाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “हनी, गरम नाही पोचलं तर कोणाला ऐकून घ्यावं लागत असेल, ते विचार.”

ही माझी मैत्रीण. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, जन्मभर पोस्टात नोकरी केली आणि शनिवारी या चुलीवर जुन्या पद्धतीचा स्वयंपाक करून दाखवते. बिडाच्या भांड्यात घेवडा आणि मक्याची भाकरी. भाकरी म्हणजे आपली नव्हे, ढोकळ्यासारखी जाड. ती सगळ्यांना हनी म्हणते, पोलिसालासुद्धा. एकाहत्तराव्या वर्षी मला कोणी हनी म्हणेल असं वाटलं नव्हतं. हनी म्हणजे मध. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, “मध जुनाच गुणकारी.” (आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत होतं. मी इथे मराठीत लिहिते आहे.)

तिच्या आजीची आजी याच स्वयंपाकघरात स्वयंपाकीण होती. विकत घेतलेली.

आता माझी चूक. ती नीट सांगते, कारण आजोबा ती फार रंगवून सांगतात.

दोन महिने काम केल्यावर मी कमिटीसाठी एक यादी केली. घराची देखभाल सात जणांची एक कमिटी बघते. मी घरभर वही घेऊन फिरले आणि दुरुस्तीच्या एकतीस बाबी टाइप करून, क्रमांक घालून, समासासह दिल्या. मामाने ती वाचून डोकं धरलं.

“आई, थर्टी वन पॉइंट्स? यार, मी माझ्या मॅनेजरला अशी लिस्ट पाठवली तर तो मला एचआरला पाठवेल.”

“तुझ्या मॅनेजरच्या भिंतीला ओल आली आहे का?” मी विचारलं.

त्यातली एकोणिसावी बाब होती स्वयंपाकघराच्या उंबरठ्याची. दाराच्या तळाशी ओकची एक जाड फळी आहे, चार बोटं उंच. डाव्या बाजूला ती इतकी झिजली आहे की वाटी ठेवली तर बसेल. आता बाळांनो, आपल्याकडे उंबरठ्यावर पाय देत नाहीत. उंबरठा ओलांडायचा असतो. त्यावर उभं राहिलं म्हणून माझ्या आईने माझ्या पाठीत धपाटे घातले आहेत, आणि तुमच्या आईला मी. सणाला आपण त्याला हळदीकुंकू लावतो. तेव्हा झिजलेला उंबरठा पाहिला की मला एकच गोष्ट समजायची: या घराला वळण नाही. मी लिहिलं, ‘क्रमांक १९. स्वयंपाकघराचा उंबरठा झिजलेला, अशोभनीय व धोकादायक. बदलावा.’

कमिटीने महिनाभर विचार केला आणि एकतिसांपैकी दोन बाबी मंजूर केल्या. एक, पुढच्या ओसरीवर चपला-बुटांचा स्टँड ठेवावा, कारण इथली तांबडी चिकणमाती बुटांना चिकटून आत येते आणि पाइनची जुनी जमीन खराब होते. दुसरी, क्रमांक एकोणीस. मार्चच्या पहिल्या मंगळवारी सुतार येऊन फळी काढणार, नवी सपाट फळी बसवणार. माझ्या ‘सूक्ष्म निरीक्षणाबद्दल’ आभाराचं पत्रही आलं. मी ते फ्रिजवर लावलं.

आजोबांनी चष्मा वर करून वाचलं. “एकतिसांपैकी दोन,” ते म्हणाले. “आमच्या वेळी याला नापास म्हणत.”

पुढच्या शनिवारी मैत्रीण सूचनाफलकासमोर उभी होती. तिथे सुताराची तारीख लिहिलेली होती.

“फळी काढणार,” ती म्हणाली. “इतकी वर्षं कोणाचं लक्ष नव्हतं. यांना आता कोणी सांगितलं?”

“मी,” मी म्हणाले. अभिमानाने म्हणाले, हेही लिहून ठेवते.

तिने फलकावरची तारीख पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, “बरं, मॅम.” आणि चुलीकडे गेली.

दोन शनिवार मी मॅम होते. बाकी काही बदललं नाही. माझ्यासाठी घेवड्याची वाटी बाजूला काढून ठेवलेली असे, झाकण घालून. पण ती पोस्टमनला हनी म्हणत होती, कुत्र्यालाही हनी म्हणत होती आणि मला मॅम. तिसऱ्या शनिवारी मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, “माझं काय चुकलं?”

तिने भांडं निखाऱ्यावर ठेवलं, हात पुसले. “तू त्या कपाटातली यादी वाचली आहेस ना? मालक मेला तेव्हा केलेली?”

वाचली होती. मळेवाला वारला तेव्हा घरातल्या सगळ्या मालमत्तेची यादी झाली होती, तिची छायाप्रत काचेच्या कपाटात आहे. खरं सांगते, पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तिचं अक्षर आवडलं होतं. प्रत्येक ओळीला क्रमांक, एकही खाडाखोड नाही. कसली यादी आहे ते मी नंतर वाचलं.

“तिच्यात माझ्या आजीची आजी बाविसावी आहे,” ती म्हणाली. “नुसतं नाव. आडनाव नाही. तांब्याच्या किटलीच्या खाली, खेचराच्या वर. आणि तुझ्या यादीत तिची फळी एकोणिसावी.”

तिने कपाटाच्या दिशेने बोट केलं.

“काचेत ठेवलंय ते सगळं त्यांचं. चमचे त्यांचे, पंखे त्यांचे, मालकिणीच्या केसांची बटसुद्धा चौकटीत लावली आहे. माझ्याकडे काय आहे? एक खड्डा. दिवसातून तीस वेळा भरलेलं तबक घेऊन कोणी त्या दारातून गेलं, साठ-सत्तर वर्षं, म्हणून पडलेला खड्डा. तो उचलून त्या जागी काय बसवणार? दुकानातली फळी.”

“आमच्यात उंबरठ्यावर पाय देत नाहीत,” मी म्हणाले. माझ्याजवळ तेवढंच होतं.

“तुमच्यात तबक कोण उचलत होतं?”

याला माझ्याकडे उत्तर होतं आणि ते देण्यासारखं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी कमिटीला पत्र लिहिलं की क्रमांक एकोणीस मागे घेत आहे. उत्तर आलं की बाब मंजूर होऊन नोंदवहीत गेली आहे, ती फक्त पुढच्या सभेत मागे घेता येईल, आणि पुढची सभा एप्रिलमध्ये. सुतार मार्चमध्ये. शिवाय मागच्या वर्षी एक पाहुणे तिथे अडखळले होते, त्यामुळे विमावालेही खूश आहेत. इतकी वर्षं कमिटीने गळकं छप्पर बदललं नव्हतं, पण माझं ऐकायचं म्हटल्यावर त्यांना घाई झाली.

“प्रोसेस आहे ती, आई,” मामा म्हणाला. “अप्रूव्ह केलेलं तू कॅन्सल नाही करू शकत.”

“मग त्यांनी एकदा येऊन बघावं तरी.”

“हाऊ मेनी ईमेल्स?”

“आठ.”

“आई, स्टॉप.”

नवव्या ईमेलला अध्यक्षांनी उत्तर दिलं की सुतार यायच्या आदल्या शनिवारी ते स्वतः येऊन नजर टाकतील. अध्यक्ष निवृत्त वकील. बोलणं मृदू, शर्टाला इस्त्री कडक, आणि पायात इतके सुंदर तपकिरी बूट की मी पाहिल्या पाहिल्या म्हटलं, हा माणूस रोज स्वतः पॉलिश करतो.

त्या शनिवारी तीन दिवसांचा पाऊस होता. अंगणभर तांबडा चिखल. आणि त्याच सकाळी दुसऱ्या गावच्या चर्चमधून ज्येष्ठ नागरिकांची एक बस आली, अठ्ठावीस जणांची.

इथे चपलांबद्दल सांगावं लागेल. स्टँड आल्यावर पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की या वयाचे अमेरिकन सगळे एकसारखे पांढरे नाहीतर तपकिरी बूट घालतात. म्हणून मी टोकन केली होती. जुन्या कार्डांचे दोन तुकडे, दोन्हींवर एकच क्रमांक, एक बुटात आणि एक हातात. बूट काढण्याला कोणी कुरकुर करत नाही. उलट एका गृहस्थांनी मला विचारलं, “त्या काळी इथे अशीच पद्धत होती का?” मी उत्तर द्यायच्या आत मैत्रीण मागून म्हणाली, “नाही सर. ही बाई आल्यापासून आहे.”

अठ्ठावीस जणांनी निमूटपणे टोकन घेतली. अध्यक्षांपुढे मी एकोणतिसावं धरलं तर ते हसले. “माझे बूट मला ओळखता येतात,” ते म्हणाले.

टोकन न घेता पादत्राणं ठेवणाऱ्याचं काय होतं ते पुण्यातल्या कुठल्याही गर्दीच्या देवळाबाहेर विचारा.

अध्यक्षांनी वरच्या मजल्याचं गळकं छप्पर पाहिलं, पोकळ खांबांपैकी एकात मधमाश्या शिरल्या आहेत ते पाहिलं, आणि उंबरठ्याबद्दल म्हणाले की जाताना बाहेरूनच नजर टाकतो. तोवर बस निघून गेली होती. स्टँडवर एकच जोडी उरली होती. तपकिरी. पण जुनी, टाचेत कापसाची गादी, आणि दीड आकाराने मोठी. अध्यक्षांनी एक पाय घालून पाहिला. पाय आत हरवला.

“हे माझे नाहीत,” ते म्हणाले.

“आपल्याला ओळखता येतात म्हणालात,” मी म्हणाले. तोंडातून गेलं.

मी बसच्या ड्रायव्हरला फोन लावला. मंडळी जेवायला थांबली होती. तपकिरी बूट कोणी घातले आहेत, असं त्याने विचारलं तेव्हा अकरा जणांनी हात वर केले, असं तो म्हणाला. जेवण झाल्यावर बस परत आणतो. तासभर लागेल.

घर तापवायची सोय नाही. फेब्रुवारी संपत आलेला, लाकडाची जमीन गार, आणि अध्यक्षांच्या पायात पातळ मोजे. मोज्यांवर बारीक बारीक बदकं होती. पाच मिनिटं त्यांनी दिवाणखान्यातल्या खोट्या संगमरवराजवळ काढली. तिथली शेकोटी पेटत नाही. मग त्यांनी विचारलं, “कुठे ऊब आहे का?”

ऊब एकाच ठिकाणी होती. ते झपाझप एकवीस पावलं गेले, उंबरठा ओलांडून आत शिरले आणि चुलीपुढे हात धरून उभे राहिले. मैत्रिणीने त्यांच्याकडे पाहिलं, मग बदकांकडे.

“सर,” ती म्हणाली, “या खोलीत रिकाम्या हाताने शेकत उभं राहायची पद्धत कधी नव्हती. बाराच्या फेरीला जेवण टेबलावर मांडून दाखवायचं आहे. आज माझी कंबर धरली आहे. तेवढं तबक नेता?”

तिची कंबर धरली नव्हती. सकाळीच तिने लाकडाचा ओंडका एका हाताने उचललेला मी पाहिला होता.

तबक मोठं, लाकडी. त्यावर घेवड्याचं बिडाचं भांडं काठोकाठ भरलेलं, मक्याच्या भाकरीचा तवा आणि पाण्याचा जग. अध्यक्षांनी उचललं आणि त्यांचे खांदे खाली आले.

“इतकं जड असायचं?”

“रविवारी दुप्पट.”

ते दाराशी पोचले. डोळे भांड्यावर, कारण रस्सा काठाशी आला होता. दार अर्धं लोटलेलं होतं. ते त्यांनी उजव्या कोपराने ढकललं आणि पाऊल टाकलं. डावं. पाय फळीवरच्या खळग्यात जाऊन बसला. टाच, चवडा, सगळा. ते तिथेच थांबले.

“थांबू नका, सर,” मैत्रीण म्हणाली. “तिकडे लोक भुकेले आहेत.”

ते गेले, तबक ठेवून परत आले. दाराशी येऊन फळीकडे पाहिलं, मागे सरले आणि रिकाम्या हाताने चालून बघितलं. या वेळी पाय वरून पलीकडे गेला, आपला जातो तसा. मग ते टेबलाकडे परत गेले, भरलेलं तबक उचलून आणलं आणि पुन्हा आतून बाहेर आले. पाय पुन्हा खळग्यात. असं तीन वेळा. तिसऱ्या खेपेला रस्सा हिंदकळला आणि दोन-तीनशे वर्षं जुन्या झाडापासून केलेल्या पाइनच्या जमिनीवर सांडला. मी फडकं आणलं आणि एक अक्षर बोलले नाही, हे आजोबांनी तुम्हाला सांगितलेलं नसणार.

“डावाच का?” त्यांनी विचारलं.

“दार उजव्या कोपराने ढकललंत,” मैत्रीण म्हणाली. “हात भरलेले असले की दुसरा उपाय नाही. उजवा कोपर पुढे, की पाय डावा. तुम्हाला कोणी शिकवलं?”

“कोणी नाही.”

“तिलाही कोणी नाही.”

ते उंबरठ्याशेजारी बदकांच्या मोज्यांतच उभे होते. मग खिशातून फोन काढला आणि सुताराला लावला. “मंगळवारी येऊ नका,” ते म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. “नाही, तुमचं काही चुकलं नाही. आमचं मोजायचं राहिलं होतं.” मग त्यांनी मला पट्टी आहे का विचारलं. पट्टी माझ्या पर्समध्ये असते.

अडखळण्याचा प्रश्न उरला होता, आणि मी तो उरू देणार नव्हते, कारण विमावाले विसरत नाहीत. स्वयंपाकघराला पूर्वेकडे आणखी एक दार आहे, कित्येक वर्षं खिळे ठोकून बंद केलेलं. माझ्या यादीत ते सव्विसावं होतं. ते उघडून तिथे उतार करायचा आणि पाहुण्यांना तिकडून आत आणायचं, असं मी सुचवलं. अध्यक्ष म्हणाले, “ते एप्रिलच्या सभेत ठेवू.”

“मी ईमेल करते,” मी म्हणाले.

ते म्हणाले, “नको. मी आजच सह्या घेतो.”

बस आली. एका अत्यंत ओशाळलेल्या गृहस्थांनी बूट परत केले आणि म्हणाले, आयुष्यात इतके चांगले बूट पायात आले नव्हते, जेवताना सारखा खाली बघत होतो. अध्यक्षांनी बूट घातले, निघाले, आणि ओसरीच्या पायरीवरून वळून मला म्हणाले, “पुढच्या वेळी टोकन घेईन.”

मी स्वयंपाकघरात गेले तर मैत्रीण भांडं घासत होती.

“कंबर कशी आहे?” मी विचारलं.

“उतार पडला, हनी,” ती म्हणाली. “त्या बदकांनी बरं केलं.”

मग आम्ही कार्ड लिहायला बसलो. आता फळीशेजारी माहितीचं कार्ड लावायचं होतं. मी मजकूर तयार केला होता: ओकचा प्रकार, दाराची दिशा, झिजेचं कारण, चार परिच्छेद. तिने तो वाचला आणि तीन परिच्छेद खोडले. चौथ्यातून ‘अंदाजे’ आणि ‘बहुधा’ काढलं. शेवटी उरलं ते तिच्या आजीच्या आजीचं नाव आणि दोन ओळी. पुढे क्रमांक घालू का, असं मी विचारलं. तिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं. ते नाव इथे लिहीत नाही, कारण तिने मला ते कार्डावर लिहायची परवानगी दिली आहे, पत्रात नाही. तुम्ही आलात की वाचा.

आजोबा म्हणतात की हे सगळं माझ्या टोकनांमुळे झालं. तसं नाही. टोकन घेतलं असतं तर फळी गेली असती. तरी मी टोकन बंद केलेली नाहीत.

त्या स्वयंपाकघरातलं जुनं आता एवढंच शिल्लक आहे: चूल, विटांच्या तीन भिंती, छताच्या दोन तुळया आणि दाराचा उंबरठा. चौथी भिंत नंतरची आहे. उंबरठा एकाच ओकच्या फळीचा आहे, डाव्या बाजूला माझ्या पट्टीने सव्वा इंच खोल, आणि तो जागेवर आहे.